विंडोज १० संपलं, जुना कॉम्प्युटर नाही: लिनक्सचे सहा मोफत डेस्कटॉप, कोणता कुणाला चालेल आणि मराठीसाठी काय सुधारायला हवं

ग्रामपंचायतीचं कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, कृषी सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले कॉम्प्युटर या सगळ्या ठिकाणी अजून रोज चालू होतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट बंद झाली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना वाढीव मुदत मिळते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकायचं तर किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. जुनी मशीन बहुतेक वेळा याच अटींवर अडतात.

मग मशीन भंगारात द्यायचं का? नाही. त्यावर लिनक्स टाकता येतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पण "लिनक्स टाका" एवढ्या सल्ल्याने काम भागत नाही. लिनक्सचे अनेक 'डेस्कटॉप' असतात. चुकीचा निवडला तर मशीन रडतखडत चालतं आणि चार दिवसांत माणूस वैतागतो. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

थोडक्यात

• रॅम २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई.
• रॅम ४ जीबी आणि विंडोजची सवय असेल तर सिनॅमन किंवा माटे.
• रॅम ८ जीबी असेल तर केडीई प्लाझ्मा किंवा गनोमही आरामात चालतं.
• दूध संकलन, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सही ज्या कॉम्प्युटरवर चालते, त्याला चौकशी केल्याशिवाय हात लावू नका.
• सगळ्या डेस्कटॉपची खरी उणीव वेगात नाही, मराठीत आहे. ती आपल्यालाही भरून काढता येते.

डेस्कटॉप म्हणजे नक्की काय?

ट्रक घेताना चासी कंपनीकडून येते आणि बॉडी गॅरेजवाला बांधतो, हे आपण पाहिलेलं आहे. चासी तीच, पण कुणी उसासाठी बॉडी बांधतो, कुणी दुधाच्या कॅनसाठी. लिनक्सचं तसंच आहे. लिनक्स ही आतली चासी. खालची पट्टी, मेनू, फाइल उघडायची खिडकी, सेटिंग, घड्याळ, म्हणजे डोळ्यांना जे दिसतं आणि हाताला जे लागतं, ती बॉडी. तिलाच डेस्कटॉप म्हणतात.

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. त्यामुळे लिनक्स तुम्ही रोज वापरताच, फक्त त्याची बॉडी वेगळी आहे.

हे सगळे डेस्कटॉप 'मुक्त स्रोत' आहेत. म्हणजे त्यांचा मूळ कोड उघडा असतो. तो कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. उबंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा ही नावं ऐकली असतील. हे लिनक्सचे तयार संच. एकाच संचात वेगवेगळे डेस्कटॉप मिळू शकतात. उदाहरणार्थ लिनक्स मिंट २२ हे सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत येतं.

आधी आपलं मशीन बघा

तीन गोष्टी पाहा: रॅम किती, हार्ड डिस्क जुनी फिरणारी आहे की एसएसडी, आणि प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टम', मग 'अबाउट' उघडलं की रॅम आणि प्रोसेसर दिसतात.

प्रोसेसरच ३२-बिट असेल तर पर्याय फार कमी उरले आहेत. लिनक्स मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० मध्येच ३२-बिट सोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून त्यांचंही ३२-बिट पीसीसाठीचं इन्स्टॉलेशन बंद झालं. अशा मशीनवर फार खर्च करू नका.

आणखी एक गोष्ट सरळ सांगायला हवी. हलका डेस्कटॉप टाकून काही शे एमबी रॅम वाचते, पण खरी रॅम खातो तो ब्राउजर. चार-पाच टॅब उघडले की एक जीबी सहज जातं. त्यामुळे जमलं तर रॅम ४ वरून ८ जीबी करा आणि फिरणारी डिस्क काढून एसएसडी बसवा. या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो, तेवढा कोणताही डेस्कटॉप बदलून पडत नाही.

सहा डेस्कटॉप: जमेची बाजू आणि उणी बाजू

खाली दिलेली रॅम मशीन नुसतं चालू केल्यावर लागणारी आहे. आकडे ढोबळ आहेत, संचानुसार थोडे वरखाली होतात.

१. गनोम: सुमारे १ ते दीड जीबी

मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये हे काम सुरू केलं. आज उबंटू, फेडोरा आणि डेबियन यांचा हा मुख्य डेस्कटॉप आहे. दिसायला स्वच्छ, मोबाइलसारखा. मराठी कीबोर्ड जोडणं इथे सगळ्यात सोपं: सेटिंगमध्ये 'कीबोर्ड' उघडा, अधिकच्या चिन्हावर दाबा, मराठी निवडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते.

उणीव अशी की मूळ गनोममध्ये खिडकी खाली ठेवायचं बटण नाही आणि स्क्रीनवर फाइलींची चित्रंही राहत नाहीत. विंडोजवरून आलेला माणूस इथेच गोंधळतो. उबंटू या सोयी आपल्याकडून जोडून देतं. बाकीच्यांना 'एक्स्टेन्शन' नावाची जोडणी घालावी लागते. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि जोडण्या बंद पडू शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये गनोम ४५ आलं तेव्हा तर जवळपास सगळ्याच जोडण्या नव्याने लिहाव्या लागल्या.

काय सुधारावं: लोकांना रोज लागणाऱ्या चार सोयी मूळातच द्याव्यात.

२. केडीई प्लाझ्मा: सुमारे ८०० एमबी ते सव्वा जीबी

जर्मनीतल्या मॅथियास एट्रिश या विद्यार्थ्याने १९९६ मध्ये याची सुरुवात केली. खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, म्हणजे मांडणी विंडोजसारखीच. एकेकाळी हा जड समजला जायचा, आता तसा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ आलं.

याचा मोठा फायदा म्हणजे केडीई कनेक्ट. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असले की फाइल, फोटो, कॉपी केलेला मजकूर इकडून तिकडे जातो. केबल लागत नाही. त्याचा मराठीसाठी उपयोग पुढे सांगितला आहे.

काय सुधारावं: इथे सेटिंग्जचं जंगल आहे. एखादं बटण चुकून दाबलं आणि पट्टीच गायब झाली, असं नवख्याचं होऊ शकतं. शाळा आणि कार्यालयांसाठी साधा, कुलूप लावलेला प्रकार सुरुवातीलाच निवडता यायला हवा.

३. सिनॅमन: सुमारे ८०० एमबी ते १ जीबी

२०११ मध्ये गनोम ३ आलं आणि त्याने जुनी मांडणी पार बदलून टाकली. अनेकांना ते पटलं नाही. त्या नाराजीतून लिनक्स मिंटच्या लोकांनी सिनॅमन बांधलं. विंडोज ७ किंवा १० वापरणाऱ्याला इथे शिकायला फार थोडं लागतं. लिनक्स मिंटसाठी किमान २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असलेली बरी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

काय सुधारावं: लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवण्याची जुनी यंत्रणा जाऊन 'वेलँड' ही नवी येते आहे. गनोम आणि केडीई तिथे पोहोचले, सिनॅमनमध्ये हे काम अजून प्रयोगाच्या पातळीवरून पुढे सरकतं आहे. आज अडचण नाही, पण मागे राहिलं तर पुढे त्रास होईल.

४. माटे: सुमारे ६०० ते ८०० एमबी

गनोम ३ वर नाराज झालेल्या अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुनं गनोम २ तसंच पुढे चालू ठेवलं. दक्षिण अमेरिकेतल्या 'माटे' या चहासारख्या पेयावरून नाव पडलं. गेल्या पंधरा वर्षांत मांडणी फारशी बदललेली नाही आणि हीच त्याची ताकद आहे. वयस्कर माणसाला एकदा शिकवलं की पुन्हा शिकवावं लागत नाही.

काय सुधारावं: काम करणारे हात कमी आहेत, नवी आवृत्ती यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. इथे गरज नव्या सोयींपेक्षा माणसांची आहे.

५. एक्सएफसीई: सुमारे ५०० ते ७०० एमबी

फ्रान्सच्या ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे काम आजही शांतपणे चालू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ४.१८ आलं, डिसेंबर २०२४ मध्ये ४.२०. उड्या नाहीत, पण भरवसा आहे. जुन्या लॅपटॉपच्या १३६६ बाय ७६८ स्क्रीनवर नीट बसतं.

काय सुधारावं: सेटिंग्ज दहा ठिकाणी विखुरलेल्या आहेत. इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड लगेच जोडता येतो. पण इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायचं असेल तर 'आयबस' नावाचा वेगळा प्रोग्राम टाकावा लागतो. नवख्याला हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

६. एलएक्सक्यूटी: सुमारे ४०० ते ५०० एमबी

तैवानमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या एलएक्सडीई या कामातून हे पुढे आलं. पहिली आवृत्ती २०१४ ची. लुबंटू या संचात ते मिळतं. २ जीबी रॅमच्या मशीनसाठी पहिली पसंती.

काय सुधारावं: हलकं ठेवण्याच्या नादात सोयीही कमी ठेवल्या आहेत. मराठी टायपिंगची जोडणी बरीचशी स्वतःच करावी लागते. म्हणजे ज्यांच्याकडे सगळ्यात स्वस्त मशीन, त्यांच्याच वाट्याला सगळ्यात जास्त खटपट.

खरी अडचण वेगाची नाही, मराठीची

वरची यादी पुन्हा पाहा. जुन्या मशीनवर चालणं, विंडोजसारखं दिसणं, मोफत असणं, हे प्रश्न बहुतांशी सुटलेले आहेत. गाव अडतं ते दुसरीकडे.

मराठी अक्षरं दिसण्यात आता अडचण नाही. लोहित आणि नोटो हे मोफत फॉन्ट बहुतेक संचांत मिळतात. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य बरोबर उमटतो. मराठी वळणाचे ल आणि श मात्र सगळीकडे आपोआप येत नाहीत, कधी हिंदी वळणाचे दिसतात.

मेनूचं मराठी ही दुसरी गोष्ट. भाषा मराठी निवडली तरी अर्धा मेनू मराठी आणि अर्धा इंग्रजी येतो, कारण भाषांतर अर्धवट राहिलं आहे. जे झालं आहे, त्यातही फोल्डरला 'संचयिका' आणि ब्राउजरला 'न्याहाळक' अशा शब्दांनी माणूस बुजतो. मग तो भाषा परत इंग्रजी करून टाकतो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट टायपिंगची. फोनवर आपण 'माझा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि मराठीत उमटतो. नाहीतर माइकचं बटण दाबून सरळ बोलतो. डेस्कटॉपवर आल्यावर ही सवय तुटते. टायपिंग क्लासला गेलेल्यांचा हात रेमिंग्टनवर बसलेला, सरकारी मांडणी इन्स्क्रिप्ट, आणि बाकी सगळं गाव फोनच्या सवयीचं. या तिन्ही मांडण्या लिनक्समध्ये मिळतात, पण त्या शोधून जोडाव्या लागतात.

तोवर एक युक्ती कामाला येते. कॉम्प्युटरवर आणि फोनवर केडीई कनेक्ट टाका. गनोममध्ये त्याच कामासाठी 'जीएसकनेक्ट' ही जोडणी आहे. फोनवर बोलून मजकूर लिहा, कॉपी करा, केडीई कनेक्टमध्ये 'क्लिपबोर्ड पाठवा' दाबा आणि कॉम्प्युटरवर पेस्ट करा. ग्रामसभेचं इतिवृत्त किंवा अर्ज असा झटपट तयार होतो.

डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी काय करावं?

१. पहिल्यांदा चालू करताना 'मराठी' निवडलं की कीबोर्डही तिथेच विचारावा: इन्स्क्रिप्ट, रेमिंग्टन की इंग्रजी अक्षरांतून मराठी?

२. भाषांतर लोकांच्या तोंडच्या शब्दांत हवं. फाइल, फोल्डर, प्रिंट, सेव्ह हे शब्द आता मराठीच झाले आहेत.

३. अपडेट सुरू होण्याआधी किती एमबी लागतील ते ठळक दिसावं. गावात बरेच जण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतात. मर्यादित डेटाचं कनेक्शन असेल तर आपोआप होणारं अपडेट थांबवण्याची सोय गनोममध्ये आहे. ती हलक्या डेस्कटॉपवरही सहज हाताला लागावी.

४. वीज गेली आणि आली की उघडलेल्या खिडक्या होत्या तशा परत याव्यात. लोडशेडिंगच्या भागात ही चैन नाही, गरज आहे.

५. मदतीची पानं मराठीत आणि इंटरनेटशिवाय उघडणारी असावीत.

केरळने काय केलं?

हे सगळं कागदावरच राहतं असं नाही. केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअर वापरलं जातं. 'काइट' ही तिथली सरकारी संस्था उबंटूवर आधारलेला, गनोम डेस्कटॉपचा संच शाळांसाठी तयार करते. दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरसाठी ही सोय केल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं होतं. शिक्षकांचं प्रशिक्षणही त्यातच धरलेलं असतं. दुसरीकडे 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' हा स्वयंसेवकांचा गट फॉन्ट, भाषांतर आणि टायपिंगवर काम करत आला आहे. सरकारने वापर वाढवला आणि भाषेच्या माणसांनी भाषा सांभाळली. आपल्याकडेही सुरुवात दोन्ही टोकांनी व्हावी लागेल.

भारत सरकारच्या सी-डॅकनेही २००७ मध्ये 'बॉस लिनक्स' आणलं, त्यात भारतीय भाषांची सोय आहे. म्हणजे तयार वस्तू आहे. ती शिकवणारा आणि अडलं तर धावून येणारा माणूस तालुक्याच्या गावात हवा.

आपण काय करू शकतो?

कोड उघडा असल्यामुळे भाषांतराचं दारही उघडं आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. एक्सएफसीईचं भाषांतर 'ट्रान्सिफेक्स' या वेबसाइटवर आणि एलएक्सक्यूटीचं 'वेबलेट'वर चालतं. खातं उघडून मराठी निवडा. समोर एकेक इंग्रजी वाक्य येतं, खाली त्याचं मराठी लिहायचं, बस. फोनवरूनही जमतं. कॉलेजच्या मुलांनी सुट्टीत रोज वीस वाक्यं केली, तरी एखाद्या छोट्या डेस्कटॉपचं मराठी बऱ्यापैकी पुढे जाईल. ते भाषांतर तपासून पुढच्या आवृत्तीत घेतलं जातं आणि जिथे जिथे मराठी माणूस तो डेस्कटॉप उघडेल, तिथे ते दिसतं.

बदलण्याआधी हे तपासा

• दूध संकलनाचा काटा, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, हिशेबाचं सॉफ्टवेअर: यांपैकी बऱ्याच गोष्टी फक्त विंडोजसाठी बनवलेल्या असतात. देणाऱ्याला "लिनक्सवर चालेल का?" असं स्पष्ट विचारा. उत्तर 'नाही' असेल तर ते मशीन तसंच ठेवा.
• जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसून जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मजकूर अगम्य चिन्हांचा दिसेल. आधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.
• प्रिंटर चालतो का ते पाहा. एचपीचे बरेच प्रिंटर लगेच ओळखले जातात. काही छोट्या लेझर प्रिंटरना खटपट लागते.
• सगळ्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. इन्स्टॉल करताना 'डिस्क पुसा' निवडलं की जुनं सगळं जातं.

न पुसता करून पाहा

लिनक्सची गंमत म्हणजे आधी चाखून बघता येतं. लिनक्स मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. विंडोजवर 'रूफस' या मोफत प्रोग्रामने ती फाइल त्यावर चढवा. कॉम्प्युटर बंद असेल तर अँड्रॉइड फोनवर 'एचड्रॉइड' हे मोफत अॅप आणि ओटीजी केबल वापरूनही जमतं. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, हे ध्यानात ठेवा.

मग पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबा (कंपनीनुसार बटण बदलतं) आणि पेन ड्राइव्ह निवडा. डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू होईल. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासा. सातबाऱ्याची वेबसाइट आणि व्हॉट्सअॅप वेब उघडून पाहा. पेन ड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, त्यावरून वेग ठरवू नका. पटलं तरच इन्स्टॉल करा.

नेहमीचे प्रश्न

*वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतील का?*
हो, लिब्रेऑफिसमध्ये. गुंतागुंतीच्या फाइलीची मांडणी थोडी हलू शकते. त्यातली आपोआप सेव्ह होण्याची वेळ १० मिनिटांवरून २ मिनिटांवर आणा, वीज गेली तरी काम वाचेल.

*विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतील का?*
हो. डिस्कमध्ये जागा असेल तर चालू करताना निवडता येतं. मात्र हे काम जाणकाराकडून करून घ्या.

*डेस्कटॉप आवडला नाही तर?*
दुसरा टाकता येतो, फाइली तशाच राहतात. डेबियन आणि उबंटूवर एकाच मशीनमध्ये दोन डेस्कटॉपही ठेवता येतात.

*शाळेसाठी कोणता?*
मशीन ४ जीबीची असतील तर मिंटचं एक्सएफसीई किंवा माटे. सगळ्या मशीनवर एकच ठेवा, म्हणजे शिकवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला सोपं जातं.

तुमच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बंद पडून असलेला कॉम्प्युटर असेल, तर ही माहिती गावच्या ग्रुपवर पाठवा. एक पेन ड्राइव्ह आणि एक दुपार, एवढ्यात त्याचं काय होऊ शकतं ते कळेल.